मिठाच्या वाटेवरचं गवत

आजऱ्याच्या वरच्या सड्यावर राहणाऱ्या गणपा डोंगरेनं मला फसवलं. मी कोल्हापूरचा वैरणीचा व्यापारी. लोक मला बापू वैरणवाला म्हणतात. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी डोंगर किती मोकळा होता, भाताला किती वास होता असं लिहायला लागलो, तर मी निवळलो असं कुणी समजू नये. मी निवळलेलो नाही.

मी शिरोळच्या रानातून उसाचं वाडं डोक्यावर वाहून धंद्याला सुरुवात केली. वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, म्हशींचं आवडतं खाणं. पुढं सायकल आली, मग टेम्पो आला, आता शिरोली एमआयडीसीच्या मागं माझं पत्र्याचं गोदाम आहे. कुणाच्या बापाच्या पुण्याईवर नाही. घासाघीस करून, भांडून आणि माणसाच्या बोलण्यावर विश्वास न ठेवून मी इथवर आलो. उभं गवत घ्यायचं असलं की मी मालकाचं ऐकत नाही. मी म्हैस घेऊन जातो. तिला दावं धरून गवतात सोडतो. तिनं मान खाली घातली आणि वर काढलीच नाही, तर सौदा. तिनं हुंगून तोंड फिरवलं, तर मालकानं कितीही शपथा घेतल्या तरी मी टेम्पोत बसतो. माणूस खोटं बोलतो, म्हशीची जीभ बोलत नाही, एवढंच माझं शिक्षण.

यंदा शिरोळकडं पाणी चढलं आणि उतरायचं नाव घेईना. ऊस कुजला, वाडं गेलं, कडब्याच्या गंजी वाहून गेल्या. आमच्या गावातले गवळी डोक्याला हात लावून बसले. त्यातला राऊ गवळी माझ्याकडं आला. गंगावेशीत संध्याकाळी म्हैस समोर पिळून फेसाळ दूध पेल्यात देतात, तिथं राऊतात्याचं कुटुंब कैक वर्षं उभं राहतं. तो म्हणाला, "बापू, चैत्रापतोर पुरंल एवढं वाळलं गवत दे. न्हाईतर संक्रांतीला मला म्हशी इकून दावण मोकळी कराय लागंल. चंद्री आधी जाईल."

चंद्री म्हणजे त्याची म्हैस. माझ्या सगळ्या सौद्यांत मान खाली घालायला मी तिलाच नेतो. मी शब्द दिला.

म्हणून श्रावणात गणपाचं रान एकदा बघून आलो, आणि घटस्थापनेच्या सुमारास मी तिला टेम्पोत चढवून पार आजऱ्याच्या सड्यावर नेलं होतं. रस्त्यानं पोरं हसत होती. वर गणपाच्या रानात दोन पट्ट्या होत्या. खालची फिकट, विरळ. वरची, गाडीवाटेलगतची, काळीभोर हिरवी, कमरेला लागणारी. चंद्री वरच्या पट्टीत शिरली आणि तिनं मान वर काढली नाही. मी तिथंच विसार दिला आणि गवत पिकलं की कापायला येतो म्हणून उतरलो.

दिवाळीला थोडे दिवस राहिले असताना गणपाचा फोन आला. "पावणं, गवत जरा लौकर न्या. नाकतोडं बसलंय जरा."

विकणारा माणूस घाई करतो तेव्हा मला संशय येतो. शिवाय एका दमात दोनदा 'जरा'. मी राऊतात्याला म्हणालो, चल. या खेपेला म्हैस नव्हती.

निपाणीच्या पुढं

टेम्पोत बसता बसता राऊतात्या म्हणाला, "मागल्या टायमाला म्हशीला नेलंस, आता मला नेतोयस. मी बी चाटून बघू काय गवत?"

मला हसू आलं नाही. निपाणीत चहा घेतला. तिथं कर्नाटक लागतं, पाट्यांची अक्षरं बदलतात, शिव्या मात्र त्याच राहतात. तंबाखूचा वास गाडीत भरला. पुढं उत्तूर सोडलं की रस्ता डोंगराच्या अंगानं वळायला लागतो, काजूची झाडं दिसायला लागतात, हवा ओलसर होते. पहिल्यांदा जाणाऱ्यानं खिडकीशी बसावं असा तो टप्पा आहे. राऊतात्या खिडकीशीच बसला होता, पण तो डोंगर बघत नव्हता. रस्त्याकडेला जे जे हिरवं दिसेल त्याकडं बोट करून विचारत होता, "हे खात्यात का रं? आन् ते?" एक घाणेरीचं झुडूप दिसलं तेव्हाही त्यानं विचारलं. घाणेरी विषारी असते हे गवळ्याला सांगावं लागत नाही. तो घाबरला होता, म्हणून विचारत होता.

आजऱ्यात शिरलं की काजू भाजण्याचा धूर डोळ्याला झोंबतो. तिथं एका खानावळीत जेवलो. आमच्याकडं ताटात आधी भाकरी येते आणि भात शेवटी, वाढला तर वाढला. इथं आधी भाताचा ढीग, घनसाळ तांदळाचा. दाणा लहान, पण ताट समोर ठेवलं की वास आधी येतो आणि वाढपी मागून. वर कुळथाचं पातळ पिठलं. मी दोन घास खाऊन हात आखडला. राऊतात्यानं पुन्हा भात मागितला.

"खा की," तो म्हणाला. "तू उपाशी ऱ्हायलास म्हणून गवत वाढतंय व्हय?"

सडा

सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. खाली जांभा दगड, वर वीतभर माती, आणि त्या मातीवर जे उगवेल ते. पावसाळ्यात तिथं इतकं पाणी कोसळतं की मातीतलं सत्त्व धुऊन खाली जातं. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस सरून बरेच दिवस झाले होते. डबकी आटून त्यांच्या काठाला चिखलाच्या खपल्या निघाल्या होत्या. निळी-जांभळी फुलं सुकत आली होती. वारा एकसारखा. कोल्हापुरात नजर कुठं ना कुठं भिंतीला आपटते, इथं आपटायला काही नाही.

टेम्पो गाडीवाटेवर लावला आणि चालत निघालो. चहूकडं गवत पिकून सोनेरी होत होतं, फक्त माझी पट्टी लांबून हिरवी दिसत होती. मला बरं वाटलं. जवळ जाईपर्यंतच.

जवळून पट्टी हलत होती. पाऊल टाकलं की पायापुढून मूठभर खडी फेकल्यासारखे नाकतोडे उडायचे आणि चार हातांवर पुन्हा त्याच गवतावर बसायचे. मोठे, हिरवे, बोटाएवढे. पात्यांच्या कडा करवतीनं कापल्यासारख्या झाल्या होत्या. कुठं पानाची फक्त मधली शीर उभी, कुठं नुसता दांडा. मी खाली वाकून कान दिला. खाण्याचा आवाज येत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मोठा नाही, पण थांबत नाही.

राऊतात्या बांधावरच बसला. "बापू," तो म्हणाला, "हे चैत्रापतोर जाईल म्हणतोस?"

मी पट्टीच्या आत शिरलो, आणि तिथं मला ते दिसलं. सगळी पट्टी अर्धीमुर्धी खाल्लेली होती, पण मधून एक वाट होती, बैलगाडी जाईल एवढी रुंद, जिथं गवत नव्हतंच. मातीलगतचे खुंट राहिले होते. ती वाट गाडीवाटेपासून सुरू होत होती, डावीकडं वळत होती आणि एका मोठ्या जांभ्या दगडापाशी थांबत होती. त्या दगडाला टेकून मी गणपाशी बोली केली होती. तेव्हा चंद्रीचं दावं माझ्या हातात होतं, पण गणपा पुढं चालत होता. "या, या, हिकडनं या," म्हणत.

मी राऊतात्याला हाक मारली. त्यानं वाट बघितली आणि म्हणाला, "चंद्री हितनंच गेलती का?"

"हितनंच."

"मग तिनंच खाल्लं आसंल."

"एका दुपारात? तिचं प्वाट हाय का गोदाम?"

खालच्या फिकट पट्टीत जाऊन बघितलं. तिथलं गवत तसंच उभं होतं. एखाददुसरा बारीक तपकिरी नाकतोडा उडाला तेवढंच. शेजारच्या लोकांची रानंही तशीच उभी. साऱ्या सड्यावरचे किडे आमच्या एका पट्टीत जेवायला बसले होते. कुणीतरी जाणूनबुजून सोडल्यासारखे. माझं डोकं फिरायला तेवढं पुरे होतं.

दोरीच्या चौकटी

उन्हं तापली म्हणून दगडाच्या सावलीत बसलो. खांद्यावरचा घामेजलेला टॉवेल मी दगडावर टाकला. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "काका, टॉवेल उचला, भोकं पाडतील."

वळून बघितलं. टॉवेलवर नाकतोडे बसले होते आणि चावत होते. कापसाचा टॉवेल! झटकला तर कडेला चाळणी झालेली. बोलणारी बाई तिशीतली, डोक्याला टोपी, हातात कापडी जाळी. कॉलेजात शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी इथं येते, असं तिनं सांगितलं. तिच्यामागं, वाटेच्या पलीकडं, खुंट्या ठोकून दोरीनं आखलेल्या छोट्या छोट्या चौकटी दिसत होत्या.

मी उठलोच. "म्हणजे हे किडे तुमी आणलेत व्हय?"

"मी?"

"मग ह्या खुंट्या कशाच्या? माझं गवत गेलं, बाई! गवळ्यांची जनावरं हायेत ह्याच्यावर. कुणी सांगितलं तुमास्नी हितं किडं पाळायला?"

ती घाबरली नाही. "काका, मी किडे आणत नाही, मोजते. ओरडायचं असेल तर ओरडून घ्या, मग दाखवते."

राऊतात्या म्हणाला, "वरडून झालंय त्याचं. दावा तुमी."

तिनं आम्हाला चौकटींकडं नेलं. एकीत काहीच टाकलं नव्हतं. एकीत थोडा युरिया, एकीत मीठ, आणि एकीत दोन्ही. बाकी गवत तेच, माती तीच. पहिल्या चौकटीत पाय आपटला तर एखादा नाकतोडा उडाला. युरियाच्या चौकटीत गवत जास्त गर्द होतं आणि किडेही जास्त. मिठाच्या चौकटीतही होते. दोन्ही टाकलेल्या चौकटीत तिनं नुसता हात फिरवला आणि ढीगभर उडाले.

"इथला पाऊस सगळं धुऊन नेतो," ती म्हणाली. "माती अळणी, म्हणून गवतही अळणी. किड्याला अंग वाढवायला नत्र लागतं, ते युरिया घातलेल्या पानात जास्त असतं. आणि जगायला मीठ लागतं, ते इथं मिळतच नाही. तुमच्या टॉवेलवर ते घामासाठी बसले. जिथं दोन्ही एकत्र मिळेल तिथं ते गोळा होतात. निदान या सड्यावरचे हिरवे तरी."

"निदान म्हणजे?"

"सगळ्या जातींचं तसं नसतं. ते बारीक तपकिरी आहेत ना, ते उलट फिकट, कडक गवतात जास्त दिसतात. फार सत्त्वाचं गवत त्यांना मानवत नाही, असं मला वाटतं. अजून पक्कं सांगता येत नाही. आणि हिरव्यांना पंख आहेत, इथलं संपलं की ते कुठं बसतील तेही मला माहीत नाही."

मी माझ्या पट्टीकडं बघितलं. काळीभोर हिरवी. शेजारी फिकट. मधून ती खाल्लेली वाट.

"बाई, मग माझ्या पट्टीत कुणीतरी युरिया टाकलाय. आन् त्या वाटेवर मीठ."

"ते मी म्हणणार नाही," ती लगेच म्हणाली. "कुणी काय टाकलं ते मी पाहिलेलं नाही. पान तपासल्याशिवाय बोलणार नाही. आणि तुमच्या भांडणात मला साक्षीला ओढू नका. मला इथं पुन्हा पुन्हा यायचंय."

तेही खरंच. पण राऊतात्या तोवर परत त्या जांभ्या दगडापाशी गेला होता. दगडाला खालून खोबण होती, पाऊस लागणार नाही अशी. त्यानं आत हात घातला, बोटांवर काहीतरी पांढरं घेऊन आला आणि जिभेला लावलं. चंद्रीसारखाच, शांतपणे.

"खडेमीठ हाय," तो म्हणाला.

गणपाच्या पडवीत

गणपाचं घर सड्याच्या काठाला, जांभ्या दगडाचं, पुढं शेणानं सारवलेली पडवी. दिवस बुडायच्या सुमारास आम्ही अंगणात पाय ठेवला आणि मी तोंड उघडणार इतक्यात तो हसत बाहेर आला. उंच, काटकुळा, मिशा पिकलेल्या.

"आलासा? या, या पावणं! पाय धुवा. पारू, पानं घे गं."

आमच्या शहरात भांडायला आलेल्या माणसाला कुणी जेवायला बसवत नाही, चहावर भागवतात. इथं जेवायच्या वेळी दारात आलेला माणूस भांडायला आला असला तरी आधी जेवतो. मला ती रीत त्या दिवशी मुळीच आवडली नाही. तोंडात घास असताना शिवी नीट देता येत नाही.

त्याच्या बायकोनं, पारूवहिनीनं, पानं मांडली आणि रीतीप्रमाणं पहिल्यांदा पानाच्या कडेला चिमूटभर मीठ वाढलं. ते मीठ बघून माझा ताबा सुटला.

"गणपा, हेच मीठ माझ्या गवतावर मारलंस की न्हाई?"

वहिनीनं नवऱ्याकडं बघितलं. गणपा मिशीवरून हात फिरवत बसला. मला वाटलं शपथा घेईल. त्यानं घेतल्या नाहीत.

"मारलं," तो म्हणाला. "पाठीवरच्या पंपानं. तुमी येणार त्याच्या आदल्या दिशी. जिकडनं म्हस न्यायची तेवढ्याच वाटंवर."

"आन् वर तोंड करून सांगतोस?"

"का सांगू नगो? तुमी माझ्या शब्दावर इस्वास ठेवला न्हाईसा. म्हशीला न्यायाधीश करून आणलासा, टेम्पोत बसवून. मग मी न्यायाधीशाला जेवाय घातलं. पावण्याला आमी अळणी वाढत न्हाई."

राऊतात्या खाली बघून हसला. मला त्याचा राग आला.

"आन् युरिया? त्यो बी पावण्यासाठनंच?"

"त्यो तुमच्यासाठनंच की! श्रावणात तुमी पयल्यांदा बघाय आलतासा, ध्यानात हाय? हितंच उभं राहून म्हणालासा, 'हे कसलं गवत? फिकाट पडलंय, आजारी हाय. आमच्या शिरोळकडं बघ, काळंभोर असतंय.' मी म्हटलं, पावण्याला काळंभोर पायजे. गाडीवाटंलगतच्या पट्टीला पोतं फोडलं."

मी तसं म्हणालो होतो. नाकारत नाही. घेणारा माणूस मालाला नावं ठेवतोच, भाव पाडायला. वांगी घेताना किडकी म्हणतो, बैल घेताना लंगडा म्हणतो. म्हणून कुणी बैलाचा पाय बदलतो काय? बाजारातलं बोलणं हे बाजारातलं बोलणं असतं, ते ऐकून कुणी रानाची चव बदलत नाही. हे मी त्याला मोठ्यानं सांगितलं. कोंबड्या पळाल्या.

"ते मला काय ठावं?" गणपाही आता चढला. "आमच्या सड्याच्या गवताला कधी कुणी खत घातलं न्हाई. आजवर फिकाटच ईकलं, आन् कधी नाकतोड्यानं खाल्लं न्हाई!"

"मग आता खालची पट्टी दे. वरच्या बदली."

"आन् माझी जनावरं काय दगड खातील?"

पडवीच्या टोकाला त्याचा गोठा होता. दोन बैल, एक गाय, तिचं वासरू. राऊतात्या मगाचपासून त्यांच्याकडंच बघत होता. बरगड्या दिसत होत्या. त्यानं पानावरचा भात संपवला नाही, आणि ते मी पहिल्यांदा बघितलं.

मग मी त्या बाईनं सांगितलेलं बोलून गेलो. हिरव्यांना पंख आहेत, वरची पट्टी संपली की ते कुठं बसतील ते तिलाही माहीत नाही. आणि खालच्या पट्टीतले बारीक तपकिरी फिकट गवतच पसंत करतात. हे बोलताना मला गणपाला घाबरवायचं होतं. पण बोलून झाल्यावर मीच जास्त घाबरलो. गणपाचा चेहरा उतरला. त्याला वाटत होतं, गेली ती पावण्याची पट्टी. आपली पट्टी जाऊ शकते हे त्याच्या मनात आलंच नव्हतं. वाद तसाच होता, पण पायाखालची जमीन दोघांचीही हलली होती.

पारूवहिनी पाण्याचा तांब्या आदळून म्हणाली, "तुमी दोगं भांडा निवांत. किडं काय निकालाची वाट बघत बसणार न्हाईत. सकाळी दोन्ही पट्ट्यांस्नी विळा लागंल. कुणाचं कुठलं, ते मागनं ठरवा."

विळा

रात्री आम्ही त्यांच्या पडवीतच पडलो. सकाळी गवत दवानं जड होतं. एरवी दव उतरल्याशिवाय कापत नाहीत, ओलं गवत गंजीत तापतं. पण आदल्या दिवशी निघताना त्या बाईनं सांगितलं होतं की गारठ्यात नाकतोडे सुस्त असतात, ऊन चढलं की खायला लागतात. म्हणून ओलंच कापायला घेतलं. मी कितीतरी वर्षांनी विळा धरला. तळव्याला फोड आला, तो फुटला आणि त्याच्यावर एक नाकतोडा येऊन बसला. झटकला, तर पुन्हा तिथंच. माझ्या घामाची चव त्याला लागली होती.

वरच्या पट्टीतलं जे वाचलं होतं ते कापलं. वाटेवरचं काहीच नव्हतं, वाटेच्या जवळचं थोडं, लांबचं बऱ्यापैकी. मिठाच्या वाटेपासून जसजसं दूर जावं तसतसं गवत जास्त उरलेलं. खालची पट्टी गणपानं आणि वहिनीनं कापली. मी दर थोड्या वेळानं उठून तिकडं बघायचो, तपकिरी किती उडतात ते. तीन वेळा मला वाटलं वाढलेत. राऊतात्या म्हणाला, "बापू, तू बघितलंस म्हणून ते कमी हुणार न्हाईत. काप."

गवत खडकावर पसरून दोन-तीन दिवस वाळवलं, उलटलं, पेंढ्या बांधल्या. आमचा टेम्पो भरायला हवा होता त्याच्या निम्माही भरला नाही. मी गणपाला म्हणालो, खालच्या पट्टीतलं अर्धं टाक. तो म्हणाला, "बगू." मी म्हणालो, बगू म्हणजे? तो म्हणाला, "बगू म्हंजे बगू. दिवाळी हुंदे." पारूवहिनीनं मात्र आमच्या टेम्पोत एका पिशवीत घनसाळ तांदूळ ठेवला. मी परत द्यायला लागलो तर म्हणाली, "गवताचा राग भातावं काढू नगा, भावजी."

उतरताना डोंगर पुन्हा सुंदर होता. मी पुढं बघून गाडी चालवली.

दावण

राऊतात्याच्या गोठ्यात पोचलो तेव्हा धारा काढायची वेळ झाली होती. चंद्रीनं आम्हाला ओळखलं आणि हुंकार दिला. मी टेम्पोतली पहिली पेंढी सोडून तिच्यापुढं टाकली. सड्यावर याच पट्टीत हिनं मान वर काढली नव्हती.

तिनं हुंगलं. एक काडी ओढली, चघळली, आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. दुसरी काडी घेतली नाही.

एवढं करून आणलेलं, तेही निम्मंच, आणि ते ही खाणार नाही? राऊतात्या आत गेला, कोनाड्यातल्या डब्यातून मूठभर खडेमीठ घेऊन आला, तांब्यातल्या पाण्यात ढवळलं आणि पेंढीवर शिंपडलं. चंद्रीनं मान खाली घातली.

"तू बी?" मी म्हणालो.

"रोजच घालतो की," तो म्हणाला. "वाळल्या गवताला मिठाचं पाणी लागतंयच. आमच्या बापासनं हाय हे. गणपानं निराळं काय केलं?"

त्याचा प्रश्न मी घरापर्यंत नेला आणि अजून माझ्याजवळच आहे. पण उत्तरही माझ्याजवळ आहे, आणि ते मी ठासून सांगतो. दावणीत घातलेलं मीठ म्हशीसाठी असतं. सौद्याच्या वाटेवर मारलेलं मीठ मला फसवायला होतं. मूठ तीच असेल, मीठ तेच असेल, पण एकानं पोट भरलं आणि दुसऱ्यानं सगळ्या सड्यावरचे किडे माझ्या पट्टीत पंगतीला बसवले. गणपाला हे होईल हे ठाऊक नव्हतं, मान्य. ठाऊक नसताना रानाची चव बदलायची नसते, हे ठाऊक असायला त्याला कॉलेजात जायची गरज नव्हती.

आज गोठ्यात माळ्यावर जेवढ्या पेंढ्या आहेत त्या माघापर्यंत कशाबशा पुरतील. पुढचं मला माहीत नाही. राऊतात्या विचारत नाही, आणि त्याचं न विचारणं मला झोपू देत नाही. रोज संध्याकाळी मी गंगावेशीत जातो, चंद्रीचं दूध पितो आणि पेला परत देताना तिच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही.

गणपा डोंगरे, दिवाळी होऊन गेली. 'बगू' म्हणालास, बघायची वेळ झाली. माझ्याकडं येऊ नकोस, माझं तोंड वाईट आहे हे तू बघितलं आहेस. खालच्या पट्टीतलं अर्धं गवत घेऊन, मीठ न लावता, थेट राऊ गवळ्याच्या गोठ्यात ये. चंद्रीच्या दावणीपुढं उभा राहा. तिला तू न्यायाधीश म्हणालास ना, तिला जेवायलाही घातलंस ना? मग चैत्रात तिनं रिकाम्या दावणीतून मान वर काढली तर तिच्यापुढं काय टाकायचं, ते तिला सांग. आणि सांगता येत नसेल, तर तसं तिच्या तोंडावर म्हण. मी शेजारी उभा राहून ऐकणार आहे.